भुयारी स्थानकातील उजेड

वाचकहो, दौलताबादचा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. शाळेची सहल वेरूळला निघाली की वाटेत दौलताबाद ठरलेलेच. त्या किल्ल्यात वर चढताना खडकातून कोरलेला एक वळणावळणाचा भुयारी मार्ग लागतो. त्याला ‘अंधारी’ म्हणतात. दोन वळणे घेतली की स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. वाटाडे मशाल किंवा विजेरी घेऊन पुढे चालतात आणि मध्येच थांबून सांगतात की, शत्रू इथवर आलाच तर त्याला दूरवर एका भोकातून उजेड दिसे. वाट सापडली या आनंदात तो तिकडे धाव घेई आणि थेट खंदकात कोसळे. ही हकीकत खरी किती आणि वाटाड्यांनी रंगविलेली किती, हा प्रश्न आपण बाजूस ठेवू. तिच्यातील एक गोष्ट मात्र निःसंशय खरी आहे. अंधारात सापडलेला माणूस विचार करीत बसत नाही. तो उजेडाकडे जातो, आणि उजेड नेईल तेथे जातो.

अंधारीत उजेडाचा उपयोग माणूस चुकविण्यासाठी केला गेला. भुयारी रेल्वेचे स्थानक बांधणाऱ्याला नेमके याच्या उलट करावयाचे असते. रोज हजारो माणसे जमिनीखाली उतरणार. त्यांत म्हातारीकोतारी असणार, कडेवर मूल घेतलेली आई असणार, पाटी वाचता न येणारा मजूर असणार. या सर्वांना न अडखळता, न भिता गाडीपर्यंत पोचविणे आणि संकट आलेच तर सुखरूप वर आणणे, यातील निम्मे काम तेथे उजेड करतो. या शास्त्राला प्रकाशयोजना म्हणतात. हा शब्द आपण नाटकाच्या जाहिरातीत वाचतो. नाटकात दिवा चुकला तर एक प्रवेश बिघडतो. भुयारात चुकला तर काय होते, ते पुढे येईलच.

इस्लापूरच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आपली मुदखेड–आदिलाबाद गाडी उघड्या आभाळाखालून धावते. आपल्याला भुयारी स्थानकाचे काय? पण आपली मुले आज शिक्षणासाठी पुण्याला जातात, कामधंद्यासाठी मुंबईला जातात, आणि त्यांना भेटायला आईवडीलही जातात. त्या दोन्ही शहरांत आता जमिनीखालून गाडी धावते. ज्या वास्तूतून आपले मूल रोज जाणार-येणार, ती कशी उजळली आहे आणि तशीच का, हे जाणून घेणे गैर नव्हे. शिवाय या शास्त्राच्या पायाचे काही दगड बसऱ्याच्या आणि कैरोच्या एका आलिमाने घातलेले आहेत, ही गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

प्रथम पुण्याचेच पाहू. पुणे मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१६ मध्ये झाली. तिच्या दोन मार्गिका जेथे एकमेकींना भेटतात, ते स्थानक १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाले. तेव्हा त्याचे नाव सिव्हिल कोर्ट असे होते. पुढे ते जिल्हा न्यायालय या नावाने ओळखले जाऊ लागले. एक मार्गिका डोक्यावरून खांबांवर जाते आणि दुसरी पायाखालून भुयारातून. या स्थानकाची सर्वांत जास्त खोली ३३.१ मीटर आहे, म्हणजे सुमारे १०८ फूट. आपल्याकडची चांगली खोल विहीर पन्नास-साठ फुटांची. तशा दोन विहिरी एकीखाली एक ठेवल्या म्हणजे या खोलीची कल्पना येईल. एवढ्या खाली सूर्याचा किरण पोचावा, अशा बेताने या स्थानकाचे छत रचले आहे. वर मोठी मोकळी पोकळी ठेवायची आणि छतातून ऊन थेट फलाटापर्यंत उतरू द्यायचे, अशी ती योजना आहे. विजेचे दिवे इतके स्वस्त आणि चांगले झालेले असताना कोणी उन्हासाठी एवढा खटाटोप का करावा? याचे उत्तर शोधायचे तर दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. ती पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत जाई आणि तिला ओढणारे इंजिन वाफेचे होते. भुयारात कोळशाचे इंजिन ही कल्पनाच आज आपल्याला घाबरविते. डब्यांत गॅसचे दिवे असत. त्या वेळी विजेचा दिवा घरोघर पोचायला अजून दोन पिढ्यांचा अवकाश होता. मग स्थानकाच्या फलाटावर उजेड आणायचा कोठून? बेकर स्ट्रीट नावाच्या स्थानकात बांधणाऱ्यांनी एक सुंदर युक्ती केली. फलाटाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत त्यांनी तिरके झरोके ठेवले. ते वर रस्त्यालगत उघडत आणि त्यांच्या आतल्या बाजूला चकचकीत पांढऱ्या फरशा बसविल्या होत्या. वरचे ऊन त्या फरशांवर आपटत आपटत खाली फलाटावर येई. म्हणजे भुयारी स्थानकाचा जन्मच मुळी सूर्यप्रकाशाच्या आधाराने झाला. पुण्यात जे केले ते नवे नव्हे. मध्यंतरी विसरलेले पुन्हा आठवले, एवढेच. त्या झरोक्यांतून आता ऊन येत नाही. त्यांत विजेचे दिवे लावले आहेत आणि पाहणाऱ्याला वाटते की वरून दिवसाचा प्रकाश झिरपतो आहे.

वीज आली आणि माणूस उन्हाला विसरला. १८९० साली लंडनमध्येच जमिनीच्या पुष्कळ खालून जाणारी, विजेवर चालणारी पहिली गाडी सुरू झाली. मजा अशी की, गाडी विजेची, पण स्थानकांत दिवे गॅसचे. कारण तयार होणारी वीज गाडी ओढण्यातच संपे. पॅरिसची भुयारी रेल्वे १९ जुलै १९०० रोजी उघडली. तेथे स्थानकांत विजेचे दिवे होते, परंतु ते फार मंद. म्हणून तेथल्या अभियंत्यांनी कमानदार भिंतींना कडा उतरविलेल्या पांढऱ्या, झिलईच्या विटा लावल्या. दिवा एक, पण त्याचा उजेड हजार ठिकाणांहून परतावा, हा हेतू. आपल्या आयांनी दिवाळी-ईदला घर चुन्याने पांढरे करण्यामागेही हाच हिशेब होता; पांढऱ्या भिंतीत एक कंदील दोन कंदिलांचे काम करतो. त्या पांढऱ्या विटा हीच पुढे पॅरिसच्या मेट्रोची ओळख झाली.

याच पॅरिसमध्ये, मेट्रो सुरू होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती तेव्हा, १० ऑगस्ट १९०३ रोजी संध्याकाळी जे घडले ते प्रत्येक प्रकाशयोजनाकाराला पाठ असले पाहिजे. एका लाकडी डब्यांच्या गाडीत विजेच्या दोषामुळे आग लागली. उतारू उतरविण्यात आले आणि ती रिकामी गाडी मागच्या दुसऱ्या रिकाम्या गाडीने ढकलत नेण्यास सुरुवात झाली. मेनिलमोंतां स्थानकापाशी ती पुन्हा भडकली. तिच्या मागे माणसांनी भरलेली एक गाडी येत होती. ती अलीकडच्या कुरोन नावाच्या स्थानकात थांबविण्यात आली. कर्मचाऱ्यांनी सांगितले, बाहेर पडा. काही लोक बाहेर पडले. काही जण मात्र तिकिटाचे पैसे परत मिळाल्याखेरीज हलायला तयार होईनात. तिकीट पंधरा सांतीमचे, म्हणजे अगदी क्षुल्लक. तोवर पुढच्या बोगद्यातून धुराचा लोट फलाटावर आला.

आणि त्याच वेळी दिवे गेले. गाडी ज्या विजेवर चालत होती, त्याच विजेवर स्थानकाचे दिवेही जळत होते. आगीत तारा जळाल्या आणि गाडीबरोबर फलाटही काळोखात बुडाला. बाहेर जाण्याचा जिना फलाटाच्या एका टोकाला होता. तो कोणत्या टोकाला, हे अंधारात आणि धुरात कोणाच्याही लक्षात राहिले नाही. पुष्कळ लोक धुराकडे पाठ करून उलट्या दिशेला पळाले. तिकडे भिंत होती. दुसऱ्या दिवशी प्रेते सापडली ती बहुतांश त्या बंद टोकाला, एकमेकांवर पडलेली. एकूण ८४ माणसे मेली. त्यांना आगीची झळसुद्धा लागली नव्हती. धुराने जीव घेतला. त्यांतील किती जण दिवे चालू राहते तर वाचले असते, याचा हिशेब कोणी मांडू शकत नाही. पण जिना तेथेच होता, उघडा होता, आणि त्यांना तो दिसला नाही, एवढे खरे.

वाचकहो, आपल्या घरी वीज गेली तर आपण मेणबत्ती शोधतो आणि वीज कंपनीला चार शब्द सुनावतो. भुयारात मेणबत्ती शोधायला वेळ नसतो. कुरोननंतर गाडीची वीज वेगळी आणि दिव्यांची वेगळी, हा नियम झाला. बाहेरच्या वाटेवर उजळलेल्या पाट्या आल्या. पुढे हे शास्त्र वाढत गेले. आता चांगल्या स्थानकात दिव्यांच्या ओळी दोन निरनिराळ्या जोडण्यांवर आलटून पालटून टाकतात. एक जोडणी बंद पडली तरी एक सोडून एक दिवा जळत राहतो. त्याखेरीज काही दिवे बॅटरीवर असतात, ते बाहेरची सगळी वीज गेली तरी विझत नाहीत. धूर वर चढतो आणि छतातले दिवे प्रथम गिळतो, म्हणून वाट दाखविणाऱ्या काही खुणा मुद्दाम खाली, जमिनीच्या लगत लावतात. आणि ती हिरवी पाटी, जिच्यावर दारातून धावणाऱ्या माणसाचे चित्र असते, ती आपण दवाखान्यात किंवा सिनेमागृहात पाहिली असेल. ते चित्र युकिओ ओटा या जपानी चित्रकाराचे. जपानमध्ये मोठ्या दुकानांना लागलेल्या आगींत माणसे वाट न सापडून मेली, त्यानंतर ते तयार झाले आणि १९८० च्या दशकात जगाने स्वीकारले. ते अक्षरांत नाही, चित्रात आहे. म्हणून मराठी, उर्दू, तेलुगू, कोणतीही भाषा येणाऱ्याला आणि काहीच वाचता न येणाऱ्यालाही ते कळते. रंग हिरवा का, हेही समजून घ्या. तांबडा रंग थांबायला सांगतो, हे एक कारण. दुसरे असे की, मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला तांबडा रंग काळपट दिसू लागतो आणि हिरवा चटकन दिसतो.

येथे विषय डोळ्याकडे वळला, आणि डोळ्याकडे वळला की तो इब्न अल-हैसमकडे वळणे भाग आहे. यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास बसऱ्यात झाला. पुढे ते कैरोला गेले. नाईलच्या पुराला बांध घालून दाखवितो असे ते म्हणाले म्हणून खलिफा अल-हाकिमने त्यांना बोलाविले, प्रत्यक्ष नदी पाहिल्यावर हे काम होणार नाही हे त्यांना कळून आले, आणि खलिफाच्या रागातून सुटण्यासाठी त्यांनी वेडाचे सोंग घेतले, असे सांगतात. घरातच कोंडून राहिलेल्या त्या काळात त्यांनी प्रकाशाचा अभ्यास केला, असेही सांगतात. कथा काही असो, ‘किताब अल-मनाझिर’ हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ मात्र खरा आहे, आणि त्याचे लॅटिन भाषांतर युरोपने कित्येक शतके अभ्यासले. तेथे त्यांना अल्हाझेन म्हणत.

त्यांच्या आधी युक्लिड, टॉलेमी यांच्यासारखे थोर ग्रीक पंडित असे मानीत की, डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून वस्तू दिसते. इब्न अल-हैसम म्हणाले की, तसे नाही. उजेड वस्तूवरून निघून डोळ्यात येतो. प्रखर उजेडाकडे पाहिले तर डोळा दुखतो आणि पापणी मिटल्यावरही त्याची छाप काही वेळ राहते, हा त्यांचा एक पुरावा. दुसरा एक प्रयोग तर आठवीच्या वर्गात करून दाखविण्याजोगा आहे. अंधाऱ्या खोलीच्या भोकासमोर बाहेर निरनिराळ्या जागी अनेक दिवे ठेवायचे. आत भिंतीवर तितकेच उजेडाचे ठिपके पडतात. एक दिवा झाका. नेमका त्याचाच ठिपका जातो, बाकीचे जसेच्या तसे. म्हणजे सगळ्यांचे किरण एकाच भोकातून गेले, तरी ते एकमेकांत कालवले गेले नाहीत. प्रत्येक दिवा आपापल्या सरळ रेषेत काम करतो. आज प्रकाशयोजना करणारा गणकयंत्रावर स्थानकाचे चित्र काढून प्रत्येक दिव्याचा किरण कोठे पडेल ते मोजतो, तेव्हा तो याच तत्त्वावर चालतो. तो शिकलेला असो वा नसो, बसऱ्याच्या या उस्तादाचा शागीर्द आहे.

डोळ्याच्या या स्वभावामुळे भुयारी स्थानकात एक मोठी अडचण उभी राहते. भर दुपारी बाहेर उजेड लाखभर लक्स असतो. लक्स हे उजेड मोजण्याचे माप. आत फलाटावर शे-दोनशे लक्स असला तरी तो चांगला समजतात. म्हणजे जिना उतरता उतरता माणूस पाचशे पट काळोखात जातो. आपण उन्हातून एकदम माजघरात गेलो की काही क्षण आंधळे होतो, तसेच ते. डोळ्याला पूर्ण अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि जिन्याची पायरी तर पुढच्याच क्षणी असते. म्हणून प्रवेशद्वारापाशी दिवसा उजेड जास्त ठेवतात, मग पायरीपायरीने कमी करीत नेतात. रात्री हाच हिशेब उलटा. दारातला झगमगाट कमी करावा लागतो, नाहीतर बाहेर रस्त्यावर आलेल्याला समोरची गाडी दिसत नाही. यात वय आणखी भर घालते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या मुलाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश उजेडच पोचतो. तरुण अभियंत्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ‘पुरे आहे’ असे ठरविले, तर त्याची आजी त्या जिन्यावरून पडेल. नुसता उजेड वाढविणे हेही उत्तर नव्हे. उघडा दिवा डोळ्यात घुसला तर त्याच्या मागचे काही दिसत नाही, आणि गाडी आणणाऱ्या चालकाला सिग्नल कोणता आणि दिवा कोणता हे कळेनासे होते.

हे सारे परदेशातलेच, असे समजू नका. जमिनीखाली हवा-उजेड नेण्याची कारागिरी आपल्या दख्खनला परकी नव्हती. बीदरला बहमनी काळातील करेझ आहे, म्हणजे खडकातून नेलेला पाण्याचा भुयारी पाट. त्यावर ठराविक अंतराने उभ्या विहिरी खणल्या आहेत. खाली खोदणाऱ्याला हवा मिळावी, उजेड मिळावा, माती वर काढता यावी आणि पुढे गाळ उपसता यावा, अशी चार कामे एकेक विहीर करी. खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर आणली, तीही अशीच झरोक्यांची. आपल्या मराठवाड्यातील जुन्या बारवा पाहा. त्या म्हणजे जमिनीत उलट्या बांधलेल्या इमारतीच होत. तोंड रुंद, खाली निमुळत्या, म्हणजे उन्ह टप्प्याटप्प्याने तळाच्या पायरीकडे उतरते. तुर्कस्तानच्या हमामांत घुमटाला लहान लहान गोल भोके ठेवून त्यांवर काच बसवीत; आत वाफेत उन्हाच्या काठ्या उभ्या राहिल्यासारख्या दिसत. हे करणाऱ्या गवंड्यांपैकी फारच थोड्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. विद्या होती, ती लिहून ठेवून शाळेत शिकविण्याची व्यवस्था मात्र राहिली नाही.

युरोपात ती व्यवस्था झाली आणि विसाव्या शतकात भुयारी स्थानकाच्या उजेडाने अनेक रूपे घेतली. मॉस्कोची मेट्रो १९३५ साली उघडली. तेथे अलेक्सेई दुश्किन नावाच्या वास्तुकाराने एका स्थानकात दिवे खांबांच्या माथ्यांत असे लपविले की, दिवा दिसत नाही, फक्त उजळलेले छत दिसते आणि ते हवेत तरंगते आहे असे वाटते. याच दुश्किनने १९३८ साली मायाकोव्हस्काया स्थानक बांधले. ते सुमारे ३३ मीटर खोल, म्हणजे जवळजवळ आपल्या पुण्याच्या स्थानकाइतकेच. तेथे ऊन आणणे शक्य नव्हते. म्हणून छतात अंडाकृती घुमट्या केल्या, त्यांच्या कडेने दिवे लावले आणि आत आभाळाची, विमानांची, झाडांची रंगीत तुकड्यांची चित्रे बसविली. वर मान केली की आकाशाकडे पाहिल्याचा भास व्हावा! १९४१ साली जर्मन विमानांचे बाँब पडू लागले तेव्हा मॉस्कोतील माणसे याच खोट्या आभाळाखाली आश्रयाला येत. हे वैभव एका हुकूमशाहीने उभे केले, हेही विसरता येत नाही. तरी साध्या मजुराला कामावर जाताना राजवाड्याचा उजेड मिळावा, ही कल्पना मला भावते.

अमेरिकेत वॉशिंग्टनची मेट्रो १९७६ साली सुरू झाली. तेथे दिवे रुळांच्या कडेला आणि फलाटांच्या मध्ये खाली लपवून उजेड वरच्या काँक्रीटच्या कमानीवर टाकला आहे. तो तेथून मऊ होऊन खाली येतो. दिसायला भव्य, पण अंधुक, अशी तक्रार लोकांनी केली आणि पुढे दिवे वाढवावे लागले. १९९९ साली लंडनच्या कॅनरी व्हार्फ स्थानकात नॉर्मन फॉस्टर यांनी प्रवेशाशी काचेची मोठी छत्रे उभारली. त्यांतून ऊन सरत्या जिन्यांवर पडते, आणि खालचा माणूस कोणालाही न विचारता उजेडाकडे चालू लागतो. बाहेरची वाट दाखविण्यासाठी यापेक्षा चांगली पाटी नाही.

आपल्या देशातील पहिली भुयारी रेल्वे कलकत्त्याची. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर अशी ती सुरू झाली. तिची स्थानके साधी, नळीच्या दिव्यांची. रवींद्र सदन स्थानकाच्या भिंतींवर रवींद्रनाथांच्या हस्ताक्षराची सजावट आहे. दिल्लीची मेट्रो डिसेंबर २००४ मध्ये जमिनीखाली उतरली. पुढच्याच वर्षी ती जुन्या दिल्लीच्या गजबजाटाखाली चावडी बाजारपर्यंत पोचली. या वीस वर्षांत दिवाच बदलून गेला होता. तारेचा जुना बल्ब एक वॅट विजेत बारा-पंधरा ल्युमेन उजेड देई आणि बाकीची वीज उष्णतेत घालवी. भुयारात ती उष्णता पुन्हा पंखे लावून बाहेर काढावी लागे, म्हणजे दुहेरी खर्च. आजचा एल.ई.डी. दिवा त्याच एका वॅटमध्ये शंभराहून अधिक ल्युमेन देतो. पांढरा एल.ई.डी. शक्य झाला तो निळ्या एल.ई.डी.च्या शोधामुळे, आणि त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नाकामुरा हे जपानच्या एका लहानशा कारखान्यात काम करणारे गृहस्थ होते. तालुक्याच्या गावी राहून काय होणार, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे नाव टिपून ठेवावे.

आता पुण्याच्या त्या प्रश्नाकडे येऊ. दिवे इतके उत्तम असताना ऊन कशाला? वीज वाचते, हे एक उत्तर झाले, पण ते दुय्यम. विजेचा दिवा सकाळी सहाला आणि दुपारी बाराला सारखाच असतो. ऊन बदलते. ढग आला की मंद होते, दिवस कलला की तिरके आणि पिवळे होते. खाली १०८ फुटांवर उभ्या असलेल्या माणसाला त्यावरून कळते की वर दुपार आहे की सांज, आणि वर जाण्याची वाट कोणती. शिवाय कुरोनचा विचार करा. दिवसाउजेडी वीज गेली तरी सूर्याचे बटण कोणी बंद करू शकत नाही. प्रत्येक ठिकाणी हे जमत नाही. मुंबईची भुयारी तिसरी मार्गिका ३३.५ किलोमीटरची आहे; तिच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, मे २०२५ मध्ये वरळीतील आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत, अशी ती तीन टप्प्यांत खुली झाली. गिरगाव, काळबादेवीसारख्या दाट वस्तीखाली छतात भगदाड ठेवायला जागा कोठून आणणार? तेथे सारा भार विजेच्या दिव्यांवर, आणि म्हणून तेथे दिवे मांडणाऱ्याची जबाबदारी दुप्पट.

हे दिवे मांडतो कोण? पालकांनी हा प्रश्न जरूर विचारावा. आपल्याकडे मुलगा हुशार असेल तर डॉक्टर किंवा इंजिनिअर आणि बेताचा असेल तर दुकान, एवढ्यावर विचार संपतो. मुलीच्या बाबतीत तर पुष्कळदा दहावीलाच संपतो. प्रकाशयोजनेत वास्तुकलेचा पदवीधर लागतो, विद्युत अभियंता लागतो, तसाच आय.टी.आय.मधून वायरमनचे शिक्षण घेतलेला मुलगाही लागतो. कुरोनच्या अंधाराचे कारण कोणा मोठ्या वास्तुकाराच्या आराखड्यात नव्हते. ते एका जोडणीत होते. चांगली चित्रकला आणि चांगले भौतिकशास्त्र अशी जोड ज्या मुलीला लाभली आहे, तिला हे क्षेत्र दोन्ही हातांनी बोलावील. त्यासाठी अकरावीला विज्ञान सोडू नये, आणि चित्रकलेचा तास म्हणजे रिकामा तास असे घरी म्हणू नये. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा आपल्याच शाळांतून देता येतात. 

पुण्या-मुंबईला गेलात तर एकदा भुयारी स्थानकात पाच मिनिटे नुसते उभे राहा. जिना उतरताना डोळे दिपतात का, की उजेड हळूहळू उतरतो, ते पाहा. प्रत्येक पायरीची कड वेगळी दिसते का, पाहा. दिवा डोळ्यात येतो की लपून काम करतो, तेही पाहा. मुले बरोबर असतील तर त्यांना मोजायला सांगा की, उभे आहोत तेथून हिरव्या माणसाच्या पाट्या किती दिसतात. आणि मग जिन्यापासून सर्वांत दूरच्या टोकाला चालत जाऊन, तेथून एक तरी दिसते ना, हे बघून घ्या.